पावणं, रंग पोराकडं मागा

माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर 'दृष्टी पुनर्वसन तज्ज्ञ' असं छापलंय. नऊ वर्षं झाली, ते एका दमात वाचणारा माणूस मला कोल्हापुरात अजून भेटलेला नाही. शिवाजी पेठेत तर पहिला प्रश्न ठरलेला, डोळ्याच्या डॉक्टर काय? नाही म्हटलं की, मग नर्सबाई काय? तेही नाही म्हटलं की, मग चष्मे विकता व्हय. मी सांगते, ज्यांची नजर गेलीय त्यांना मी पुन्हा चालायला, चहा ओतायला, रस्ता ओलांडायला शिकवते. यावर एका आजींनी मला ऐकवलं होतं, चालायला आई शिकवती बाई, त्याला पगार कशाला? मी म्हटलं, साठ वर्षांचं बाळ एकदा बोटाला धरून गल्लीतनं फिरवून आणा, मग पगाराचं बोलू.

असं बोलते म्हणून आमच्या संस्थेच्या मोठ्या मॅडम मला वर्षातून दोनदा समोर बसवून संयमावर बोलतात. माझी आई थोडक्यात आटपते. तोंड आहे म्हणून, नाहीतर तुला कुत्र्यांनी ओढून नेलं असतं, म्हणते. दोघींचंही बरोबर आहे. पण शिवानंद आप्पांसारखा माणूस वाट्याला आला की संयमही लागतो आणि तोंडही लागतं, आणि माझ्याकडं त्यातलं एकच आहे.

आप्पांचं पेठेत रंगाचं दुकान. दुकान पुढं, घर मागं. वय सहासष्ट. काचबिंदू. मोतीबिंदू बिचारा सांगून येतो आणि ऑपरेशन केलं की निघूनही जातो. काचबिंदू कडेकडेनं नजर खात येतो आणि खाल्लेलं परत देत नाही. आप्पांना हे तीन वर्षांपूर्वी कळलं होतं आणि त्यांनी ते कुणालाही कळू दिलं नव्हतं. डोळे बाहेरून ठणठणीत दिसायचे, गल्ल्या जन्मापासून पाठ, त्यामुळं खपून गेलं. मग एका गिऱ्हाइकानं खिडकीच्या ग्रिलसाठी काळा रंग मागितला आणि आप्पांनी गडद हिरवा दिला. गिऱ्हाईक तणतणत परत आलं, तर यंदा हीच फॅशन हाय म्हणून आप्पांनी त्याची समजूत घातली. त्या भल्या माणसानं खरंच हिरवी ग्रिल केली. पण मुलाला, वीरेशला, शंका आली. त्यानं दवाखान्यात नेलं, तोवर उजेड आणि सावल्या एवढंच शिल्लक होतं. डॉक्टरांनी वीरेशला माझा नंबर दिला.

पहिल्या दिवशी दार उघडलं रत्नव्वा अक्कांनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनं. त्या निपाणीकडच्या, त्यांची मराठी कानडीच्या चालीवर चालते. त्यांनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. कांबळे म्हटल्यावर एक क्षण थांबल्या आणि चहात दोन चमचे साखर जास्त घातली. काही माणसं अवघडली की साखर वाढवतात. मी तो पाक मुकाट्यानं प्यायले आणि पिशवीतनं पांढरी काठी काढली. ती घडीची असते, झटका दिला की टक टक टक करत सरळ होते. तो आवाज ऐकून आप्पा म्हणाले, ती जिथनं काढली तिथं घाला. मला दिसतंय.

मी विचारलं, माझी ओढणी कुठल्या रंगाची आहे? चाळीस वर्षं रंग विकलेला माणूस. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, चांगला हाय रंग.

काठीवरून आमची आठ दिवस जुंपली. शेवटी तह झाला तो असा की आप्पा काठी धरणार नाहीत, पण छत्री धरतील. लांब दांड्याची काळी छत्री. महिना डिसेंबरचा, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि आम्ही दोघं सकाळी साडेसहाला पेठेतनं निघायचो. आप्पा छत्रीचं टोक डावीकडं उजवीकडं टेकवत पुढं, मी मागं. लोक विचारायचे, काय आप्पा, पाऊस व्हय? आप्पा म्हणायचे, सांगता येत न्हाय. खोटं बोलण्यात माणूस तरबेज होता, पण चालण्यातही तरबेज निघाला. डावं पाऊल पुढं पडताना टोक उजवीकडं, उजवं पडताना डावीकडं, हे लोकांना जमायला महिना लागतो. आप्पांना चौथ्या दिवशी जमलं. मी तोंडावर कौतुक केलं नाही. आधीच चढलेला माणूस, त्यात मी शिडी कशाला लावू?

चढलेला हे मी म्हणत नाही, पेठ म्हणायची. त्याचं कारण होतं एक शब्द.

आमच्याकडं अनोळखी माणसाला पावणं म्हणायची रीत आहे. शब्द मानाचा आहे, पण परकाही आहे. एसटीत शेजारी बसलेल्याला पावणं जरा सरका म्हटलं तर तो खूष होऊन सरकतो. पण ज्याच्याबरोबर लहानपणी चिंचा पाडल्या त्याला पावणं म्हणून बघा. आप्पांचं झालं होतं तेच. दिसत नव्हतं, कबूल करायचं नव्हतं, म्हणून समोर जो उभा राहील त्याला सरसकट 'काय पावणं?' बायकोला ओळखायचे बांगड्यांवरनं, मुलाला गाडीच्या किल्ल्यांवरनं, बाकी अख्खं कोल्हापूर पावणं. तालमीचे वस्ताद पावणं, लग्नात शेजारी बसलेला वर्गमित्र पावणं, रोज दाढी करणारा न्हावीसुद्धा पावणं. सख्ख्या साडूला म्हणाले तेवढं बरोबर निघालं, कारण साडू खरंच पावणा. लोक म्हणायला लागले, दुकानाला काच बसवली आणि आप्पाला माणसं दिसंनाशी झाली. किती बरोबर बोलतोय ते बोलणाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

मी त्यांना सांगितलं, सरळ म्हणायचं, ओळखलं नाही, नाव सांगा. त्यात काय जातं? आप्पांनी छत्री भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "नाव इचारलं की समजतंय बाई, हा कोण हाय ते. पडलेल्या माणसाला समदी हात द्यायला येत्यात, च्च च्च करत. चढलेल्याला निदान शिव्या तरी देत्यात. मला शिव्या परवडल्या."

तो एक शब्द त्यांना ऐकायचा नव्हता, आंधळा. आमच्या संस्थेतही तो शब्द बंद आहे. आम्ही दृष्टिबाधित म्हणतो, दिव्यांग म्हणतो, भिंतीवर बंद शब्दांचा तक्ताच लावलाय. त्यामुळं त्या बाबतीत आप्पांचं आणि माझ्या मोठ्या मॅडमचं एकमत होतं.

दुकानातही आम्ही काम सुरू केलं. रंगाच्या छोट्या डब्यांना मी रबरं चढवायला शिकवलं. एक रबर म्हणजे लाल, दोन म्हणजे हिरवा, तीन म्हणजे पिवळा. आठवड्यात आप्पा हात फिरवून डबा काढून द्यायला लागले आणि गिऱ्हाइकापुढं पुन्हा रुबाब सुरू झाला. अक्का आता माझ्या नावाला कानडी अव्वा जोडून मला श्रुतव्वा म्हणायच्या आणि साखर बेताची घालायच्या. सगळं चांगलं चाललं होतं. फक्त एका वळणावर गाडी अडायची.

गल्लीच्या टोकाला दूध कट्टा आहे. सकाळी तिथं गवळी म्हशी घेऊन येतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसाळतं दूध पेल्यात देतात. आप्पा त्या वळणापर्यंत झपाझप यायचे, म्हशींचा वास आला की थांबायचे आणि म्हणायचे, आज गुडघा दुखतोय, फिरूया मागं. असं तीनदा झाल्यावर मी म्हटलं, आप्पा, गुडघा बरोबर कट्ट्यापाशीच कसा दुखतो? ते छत्री टेकवत घराकडं वळले. घरी आल्यावर अक्कांनी सांगितलं.

कट्ट्यावर आकाराम गवळी असतो. आप्पांच्याच वयाचा. चाळीस वर्षं आप्पा रोज सकाळी त्याच्या हातचं दूध प्यायचे आणि तासभर दोघं एकमेकांना शिव्या घालत बसायचे. दिवाळीच्या पाडव्याला पेठेत म्हशींची मिरवणूक निघते, शिंगं रंगवून, घुंगरं बांधून, हलगीच्या तालावर. त्या दिवशी आकाराम आपली म्हैस पहिल्यांदा आप्पांच्या दारात आणायचा. आप्पा लाल रंगाच्या डब्यात अंगठा बुडवून तिच्या शिंगाला पहिलं बोट लावायचे, मग मिरवणूक. चाळीस पाडव्यांत खंड नव्हता.

"यंदा आकारामण्णा आलाच न्हाई," अक्का म्हणाल्या. "हे डबा उघडून दारात बसले. दुपारपर्यंत बसले. रंगावर साय धरली."

त्यानंतर आप्पा कट्ट्यावर गेले, तर पेला हातात आला, पण शब्द आला नाही. मग जाणंच बंद झालं. आणि आता आकाराम चालला होता. त्याला साखरेचा आजार, पायाला जखम झालेली, डॉक्टरांनी गोठ्यात उभं राहायची बंदी केलेली. हातकणंगल्याला लेकीकडं मोठा गोठा आहे, तिथं म्हशीसकट निघाला होता. येत्या रविवारी. आता हातकणंगलं म्हणजे काही अमेरिका नव्हे, अर्ध्या तासाचा रस्ता. पण एकाला दिसत नाही आणि दुसऱ्याला चालवत नाही म्हटल्यावर अमेरिकाच की. मी आप्पांकडं बघितलं. जाऊ दे जाणाऱ्याला, असं म्हणून ते डब्यांची रबरं मोजायला लागले. एकेक डबा दोन दोनदा मोजत होते.

माझा स्वभाव असा की मला झोप येईना. दुसऱ्या दिवशी आप्पांना न सांगता मी कट्ट्यावर गेले. मला ते कोमट, फेसाचं दूध अजिबात आवडत नाही, पण पेला न घेता गवळ्याशी बोलणार कसं? आकारामकाका स्टुलावर बसून धार काढत होते. आडदांड माणूस, मिशा पांढऱ्या. त्यांनी मला लगेच ओळखलं. छत्रीवाल्या शेठबरोबर फिरती ती बाई तूच न्हवं, म्हणाले. आणि मी काही विचारायच्या आत त्यांचा बांध फुटला.

त्यांचं म्हणणं असं, की ते पाडव्याला गेले होते. म्हशीला आंघोळ घालून, घुंगरं बांधून, आप्पांच्या दारात. हलग्या कडाडत होत्या, गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. आप्पा डबा उघडून एकटेच बसलेले, घरची माणसं आत. आकारामकाका समोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, लाव बोट. आणि आप्पांनी तोंडाकडं बघून सांगितलं, पावणं, रंग पायजे तर पोराकडं मागा.

"साऱ्या गल्लीदेखत," आकारामकाका म्हणाले. "चाळीस वर्सं माझं दूध पिला आणि मला पावणं म्हणाला."

मला त्यांचा राग पटत होता आणि तरी काहीतरी जुळत नव्हतं. हलगीच्या दणक्यात आवाज ऐकू आला नसेल, कबूल. त्या दिवशी अख्ख्या गल्लीला म्हशीचा वास, तेही कबूल. पण आप्पा जवळच्या माणसाला आवाजाशिवायही ओळखतात, मग चाळीस वर्षांच्या दोस्ताची खूण काय होती? तेवढ्यात माझं लक्ष काकांच्या पायाकडं गेलं. पायात मोठे पांढरे बूट होते, स्पंजासारख्या तळाचे, साखरेच्या पेशंटला देतात तसले. मी विचारलं, हे कधीपासनं? पाडव्याच्या आधी आठवडाभर, म्हणाले. डॉक्टरनं चप्पल काढून घेतली. चप्पल कसली होती? तर चांगली भारी, करकर वाजणारी. गल्लीच्या त्या टोकाला वाजली की या टोकाला म्हैस पान्हा सोडायची.

"ह्या बुटाला आवाजच न्हाय," ते म्हणाले. "म्हशीनंबी दोन दिस वळख दावली न्हाय. पर तिला माफ केलं मी. तिला कुठं डोस्कं हाय?"

मला सगळं समजलं, आणि मला बोलता येत नव्हतं. पेशंटची गोष्ट पेशंटची, ती त्याच्या परवानगीशिवाय कुणाला सांगायची नाही, हा आमचा पहिला नियम. तोंड बंद ठेवायचा मला एकच उपाय सुचला. मी तो पेला तोंडाला लावला आणि तळापर्यंत रिकामा केला. काकांना वाटलं दूध आवडलं, त्यांनी परत भरला. मी तोही प्यायले.

तिथनं मी थेट आप्पांकडं गेले आणि झालं ते जसंच्या तसं सांगितलं. आप्पा ऐकत होते. बूट म्हटल्यावर त्यांनी मान वर केली.

"बूट?"

"बूट. स्पंजाचे."

"म्हणजे त्यो आलता," आप्पा म्हणाले.

मग ते गल्ल्यावर दोन्ही हात ठेवून बसले आणि त्यांच्या डोळ्यांतनं पाणी आलं. त्यांनी ते पुसलंही नाही. मला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं, आणि मी म्हटलं, चला, आत्ताच्या आत्ता जाऊ आणि खरं काय ते सांगू. तर माणूस पुन्हा आडवा. म्हणे त्यो च्च च्च करंल. म्हणे चाळीस वर्सं शिव्या दिल्या त्यानं, आता माझ्या पाठीवरनं हात फिरवील, ते मला बघवणार न्हाय. बघवणार नाही म्हणाले. मी एरवी हसले असते.

त्या दिवशी मात्र माझा पारा चढला. मी म्हटलं, आप्पा, नजर काचबिंदूनं नेली, त्याला इलाज नव्हता. आकारामकाका मात्र तुम्ही स्वतःच्या हातानं घालवताय. ज्याला माणसं नकोत त्याला रस्ते शिकवून मी काय करू? असं म्हणून पिशवी उचलली आणि निघाले. शिरोलीला दुसरे पेशंट होते, तिथं जाईपर्यंत गाडीवर मी स्वतःशीच बडबडत होते. तिथं पोचल्यावर लाज वाटली. शिकवायला गेलेल्या बाईनं असं बोलायचं असतं का? मोठ्या मॅडमची सगळी भाषणं एकदम आठवली.

शनिवारी सकाळी सहाला फोन वाजला. आप्पा होते. म्हणाले, छत्री मोडली, ती तुमची पांढरी काठी घेऊन या. मी पोचले तेव्हा छत्री खुंटीला धडधाकट लटकत होती. मी पिशवी उघडली. काठीला झटका दिला आणि ती टक टक टक करत सरळ झाली, आप्पांनी ती घेतली आणि पायरी उतरले.

मी दहा पावलं मागं. असं चालताना मध्ये बोलायचं नाही, हात लावायचा नाही, हाही आमचा नियमच. पेठेनं त्या दिवशी पहिल्यांदा ती काठी बघितली. भाजीवाल्या धोंडुबाई ओरडता ओरडता थांबल्या आणि त्यांनी पाटी मागं ओढली. चहाच्या गाड्यावरचे लोक उठून उभे राहिले. एकानं धावत येऊन आप्पांचा दंड धरला. आप्पा थांबले. 

"धरू नका," ते म्हणाले. "दिसत न्हाय मला, पर चालता येतंय. तुम्ही कोण, नाव सांगा."

तो त्यांचा वर्गमित्र निघाला, तोच लग्नातला. त्यानं नाव सांगितलं आणि रस्त्यात रडायला लागला. आप्पांनी त्याची समजूत काढली आणि पुढं निघाले. वळण आलं. म्हशींचा वास आला. त्या दिवशी गुडघा दुखला नाही.

कट्ट्यावर वीस-पंचवीस माणसं असतील, सगळी गप्प झाली. आकारामकाका धार काढत होते. आप्पा मधोमध उभे राहिले आणि विचारलं, आकाराम हाय का हितं? सगळ्यांनी आकारामकाकांकडं बघितलं, पण उत्तर कुणीच दिलं नाही. आप्पांनी थोडी वाट बघितली आणि समोरच्या हवेलाच सांगितलं, की मला तीन वर्सं झाली दिसत न्हाय. पाडव्याला तू आलतास ते मला कालपरवा समजलं. तुझी चप्पल वाजली न्हाय म्हणून मी तुला पावणं म्हटलं. एवढंच सांगायचं होतं.

आकारामकाका उठले नाहीत. त्यांनी म्हशीच्या पोटाला डोकं टेकवलं आणि धार काढतच राहिले. बादली भरून दूध जमिनीवर सांडत होतं तरी त्यांचे हात थांबले नाहीत. मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती आणि मला वाटलं, अजून रागच आहे. मला धड दोन डोळे असून ती पाठ वाचता आली नाही. आप्पा आणखी थोडा वेळ उभे राहिले, मग वळले आणि घरी आले.  घरात शिरल्यावर एवढंच म्हणाले, काठी बरी हाय तुमची, छत्रीपेक्षा हलकी हाय.

रविवारी मला सुट्टी असते. तरी मी गेले. अक्कांनी चहा दिला, साखर घालायलाच विसरल्या. वीरेश दुकान उघडत होता आणि आप्पा दारात पायरीवर बसले होते, काठी गुडघ्याला टेकवून. आज आकारामकाकांचा टेम्पो जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळं त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

नऊच्या सुमाराला गल्लीच्या टोकाकडनं घुंगरांचा आवाज आला. आप्पांनी कान टवकारले. म्हैस चाललीय कुणाची तरी, म्हणाले. मग कपाळाला आठी घालून म्हणाले, पण ही म्हैस दोन पायांवर चालतीय.

बरोबर होतं. म्हैस मागं होती आणि तिच्या गळ्यात नुसता दोर होता. घुंगरं बांधली होती आकारामकाकांनी, स्वतःच्या पांढऱ्या बुटांच्या नाड्यांना. मिशा पांढऱ्या, बूट पांढरे, आणि पावलागणिक छन छन. सगळी गल्ली तोंडाला पदर लावून हसत होती. काका कुणाकडं न बघता छमछमत आले आणि आप्पांच्या पुढ्यात उभे राहिले.

"वाजतंय का आता?" ते म्हणाले. "लाव बोट. पाडव्याचं ऱ्हायलंय."

आप्पा उठले.  वीरेश आत धावला तर त्याला हातानं थांबवलं, मी काढतो म्हणाले. फळीवर हात फिरवला, एक रबर असलेला डबा काढला, स्क्रू ड्रायव्हरनं झाकण उचकटलं. मी शेजारीच उभी होते. झाकण उघडलं आणि मी आत बघितलं. रंग हिरवा होता. शेड कार्डांचा गठ्ठा बांधायला वीरेशनं हिरव्या डब्याचं एक रबर काढून घेतलं होतं, हे नंतर कळलं. मी तोंड उघडलं, पण तोवर आप्पांनी अंगठा बुडवून, म्हशीचं कपाळ चाचपून, डाव्या शिंगावर बुडापासनं टोकापर्यंत जाड रेघ ओढली होती. चाळीस वर्षांची मायेची रेघ, गडद हिरवी.

कुणी हूं की चूं केलं नाही. अक्का पुटपुटल्या, अय्यो शिवने. वीरेशनं खाली मान घातली. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेच आलं होतं ज्याची आप्पांना तीन वर्षं धास्ती होती. नुसती कणव. आप्पांना ती दिसत नव्हती, पण ती शांतता त्यांना ऐकू येत होती. त्यांचा हात शिंगावर तसाच थांबला आणि चेहरा पडत चालला.

"आंधळ्या," आकारामकाका गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हिरवा लावलास की रं."

 आमच्या भिंतीवरच्या तक्त्यात अगदी वर लिहिलेला शब्द. मी आप्पांकडं बघितलं. आप्पा एक क्षण तसेच उभे होते, मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. ते हसत होते. इतके दिवस त्यांच्या घरी गेले, पण मी त्यांना हसताना कधी बघितलं नव्हतं. हसता हसता त्यांनी चाचपत काकांचा सदरा धरला आणि हिरवा अंगठा त्यावर पुसला. मग काकांनी त्यांना आणखी दोन शिव्या दिल्या, आप्पांनी तीन परत केल्या, त्या इथं लिहिता येणार नाहीत. मग दोघंही रडले, तेही जरा वेळानं.

वीरेश रंग पुसायला फडकं घेऊन आला तर काकांनी त्याला दटावलं. असू दे म्हणाले, हातकणंगल्यात कुणी इचारलं तर सांगीन, शिवाजी पेठेत माझा आंधळा रंगारी हाय. मग आप्पांनी खरा लाल डबा काढला आणि दुसऱ्या शिंगाला बोट लावलं. दर गुरुवारी पायाची पट्टी बदलायला कोल्हापुरात यायचंच हाय, असं काका म्हणाले. मग कट्ट्यावर भेटायचं ठरलं, सकाळी सातला, बूट वाजवत.

टेम्पो निघाला तेव्हा आम्ही दारात उभे होतो. मागच्या फळीवरनं म्हशीची दोन शिंगं दिसत होती, एक लाल, एक हिरवं. आप्पा आवाजाच्या दिशेनं हात हलवत होते. टेम्पो वळल्यावर त्यांनी मला विचारलं, खरं सांगा बाई, कशी दिसतीय म्हैस?

मी म्हटलं, लै भयाण दिसतीय आप्पा.